बालवाडीच्या बाईंची तालीम

आपल्याकडे मूल चार वर्षे, चार महिने आणि चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाख्वानी करण्याची जुनी चाल आहे. मुलाला नवे कपडे घालतात, गळ्यात फुलांचा हार घालतात, घरातील बुजुर्ग किंवा मौलवीसाहेब त्याला जवळ बसवून पहिले शब्द म्हणवून घेतात आणि मग मिठाई वाटली जाते. शिक्षणाचा आरंभ एवढ्या थाटाने, आणि तोही बरोबर दिवस मोजून करणारा आपला समाज आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हार सुकलेला असतो, पाहुणे गेलेले असतात, आणि ते चार वर्षांचे मूल कोणाच्या तरी हाती सोपवायचे असते. तो हात कोणाचा, आणि त्याने काय शिकलेले असावे, हा विचार आपण सहसा करीत नाही.

हा लेख लिहिण्यास निमित्त झाली आमची एक माजी विद्यार्थिनी. बारावी झाल्यावर तिने मला सांगितले, “सर, मला बालवाडीचं ट्रेनिंग करायचंय.” चार दिवसांनी तिचे वडील भेटले. ते म्हणाले, “सर, मुलं सांभाळायला दोन वर्षं शिकायचं? आमच्या अम्मीनं सात मुलं वाढवली, कुठल्या कॉलेजात गेली होती?” प्रश्न बिनतोड होता. मी इतिहासाचा शिक्षक. वादात हरलो की इतिहासाकडे वळायचे ही माझी जुनी खोड आहे.

त्याआधी स्वतःची एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तेथील बालवाडीच्या बाई आठवडाभर रजेवर गेल्या, आणि माझे तास कमी म्हणून मला तेथे पाठविण्यात आले. बी. ए., बी. एड. झालेला माणूस, पाठाचे टाचण काढणारा, उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे तोंडपाठ असलेला. पहिल्या दिवशी मी फळ्यावर सुबक ‘अ’ काढला. अर्ध्या तासात दोन मुले रडत होती, एक दाराबाहेर पोहोचले होते, एकाने चड्डी ओली केली होती आणि उरलेली माझ्याकडे तमाशा पाहावा तशी पाहत होती. बालवाडीतील सेविका मावशी आल्या, त्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि जमिनीवर मोठा गोल काढला. मुले त्यावरून चालू लागली आणि वर्ग शांत झाला. बी. एड.च्या सराव पाठांत मला हे कोणी शिकविले नव्हते.

असो. लहान मुलांना शिकविण्यासाठी माणसे मुद्दाम तयार करावी लागतात, ही कल्पना फार जुनी नाही. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. रंगीत लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल ही त्यांची साधने. ती कशी आणि केव्हा मुलांच्या हाती द्यायची, हे शिकविण्यासाठी त्यांनी तरुण स्त्रियांना तयार केले. त्या काळी शिक्षकी पेशा पुरुषांचा होता. तेव्हा लोक हसले. पुढे हसण्यापुरतेच राहिले नाही. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदीच घातली. त्यांत नास्तिकपणा आणि समाजवाद शिकविला जातो असा आरोप होता. फ्रोबेल दुसऱ्याच वर्षी वारले. बंदी उठली ती १८६० मध्ये. मात्र त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या स्त्रिया आणि त्यांच्या शिष्या देशोदेशी गेल्या होत्या, म्हणून ती पद्धत जगली. बालशिक्षणाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसते. इमारत बंद पडते, शिकलेली बाई दुसरीकडे जाऊन बालवाडी काढते.

आता एक गोष्ट अशी, जी त्या विद्यार्थिनीच्या वडिलांच्या बाजूची आहे, आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी पहिले ‘बालगृह’ उघडले. आईबाप कामावर गेले की मुले जिने-भिंती खराब करीत, म्हणून इमारतीच्या चालकांना ती कोठेतरी गुंतवून ठेवायची होती. मॉन्टेसरी स्वतः डॉक्टर. पण मुलांजवळ दिवसभर राहण्यासाठी त्यांनी जी बाई नेमली, ती शिक्षकी पेशाचे कोणतेही शिक्षण न घेतलेली साधी तरुणी होती. पुढे मॉन्टेसरी म्हणत, की ते बरेच झाले. कारण रूढ शिक्षिकेला बडबड करण्याची, बक्षीस-शिक्षा देण्याची आणि मुलाच्या कामात हात घालण्याची जी सवय असते, ती तिला नव्हती.

मग प्रशिक्षण नकोच? पण पुढे काय झाले पाहा. दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, त्याच मॉन्टेसरींनी चित्ता दि कास्तेल्लो या गावी शिक्षकांसाठी पहिला वर्ग घेतला आणि नंतरचे सारे आयुष्य देशोदेशी असे वर्ग घेण्यात घालविले. त्या पहिल्या तरुणीजवळ रोज येऊन पाहणारी, सांगणारी, विचारणारी मॉन्टेसरी होती. प्रत्येक बालवाडीला तशी कोठून मिळणार? आणि ज्यांनी आधी मोठ्या मुलांना शिकविले आहे, त्यांना तर आधीचे विसरावे लागते. माझ्या हातातला खडू मावशींनी काढून घेतला, तेव्हा माझ्या बाबतीत तेच घडत होते.

आपल्या भागात या विचाराचे रोप आणणारे गिजुभाई बधेका हे वकील होते. जन्म १८८५ चा. तरुणपणी नशीब काढायला पूर्व आफ्रिकेत गेले, परत येऊन वकिली केली. मुलगा झाल्यावर त्याला कसे वाढवावे या चिंतेतून त्यांनी मॉन्टेसरींचे विचार वाचले आणि वकिली सुटली. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले, १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू झाले. गुजरातेत लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. बालवाडी हे फक्त बायकांचे काम, असे समजणाऱ्या आपल्या तरुणांनी हे नाव ध्यानात ठेवावे. मॉन्टेसरींची साधने त्यांनी घेतली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. लोककथा, गाणी, नाटुकली यांना मॉन्टेसरी पद्धतीत फारसे स्थान नव्हते. गिजुभाईंनी ती बालमंदिराच्या मध्यभागी आणून बसविली. आणि जोडीला अध्यापन मंदिर चालवून शिक्षक तयार केले.

त्यांच्या कामात येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. जन्म १८९२ चा, मुंबईचा. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. मुली शाळेत जाणेही जेथे अप्रूप होते, त्या काळात पदवीधर स्त्री म्हणजे काय, ते आजच्या पालकांना सांगून कळणार नाही. राजकोटच्या स्त्री अध्यापक महाविद्यालयाच्या त्या प्राचार्य झाल्या. मानाची, पगाराची नोकरी. ती सोडून त्या भावनगरला गेल्या, तीन-चार वर्षांच्या मुलांजवळ जमिनीवर बसायला. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. तेथे मुलांचे वर्ग होते, तसे शिक्षिका तयार करण्याचेही. मराठीत बालशिक्षणाचे शास्त्र बोलता येते, त्यासाठी इंग्रजी यावेच लागते असे नाही, हे त्यांनी करून दाखविले. आजही कितीतरी आईबाप ‘मॉन्टेसरी’ म्हणजे इंग्रजी कविता असे समजतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

याच काळात दिल्लीत, आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट घडत होती. जामिया मिल्लिया इस्लामिया ही संस्था तेव्हा करोल बागेत, अतिशय तंगीत चालली होती. शिक्षक नाममात्र पगारावर राबत. डॉ. झाकिर हुसेन बर्लिनला शिकत असताना त्यांची गेर्डा फिलिप्सबोर्न या जर्मन ज्यू तरुणीशी ओळख झाली होती. १९३३ च्या सुमारास ती थेट जामियात येऊन दाखल झाली आणि तिने काम निवडले ते सर्वांत लहान मुलांचे. त्यांची खोली, त्यांचे कपडे, आजारपण, खेळ, प्रदर्शने यांत ती रमली. मुले तिला ‘आपाजान’ म्हणत. १९३५ च्या मार्चमध्ये ओखल्याला जामियाच्या नव्या इमारतीचा पाया घालायचा होता. तेव्हा कोणा नवाबाला किंवा लाटसाहेबाला न बोलावता संस्थेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून तो घालण्यात आला. लहान मुलाला त्या संस्थेत काय स्थान होते, ते यावरून कळावे. आपाजान १९४३ मध्ये वारल्या. त्यांची कबर जामियाच्या कबरस्तानात आहे आणि तेथील पाळणाघराला त्यांचे नाव आहे. आपल्या संस्थांच्या सभांतून झाकिर हुसेन यांचे नाव नेहमी घेतले जाते. या बाईंचे मी एकदाही ऐकले नाही.

दुसरे महायुद्ध सुरू झाले त्याच सुमारास, नोव्हेंबर १९३९ मध्ये, खुद्द मॉन्टेसरी मद्रासजवळ अड्यार येथे वर्ग घेण्यासाठी आल्या. सुमारे तीनशे शिक्षक जमले होते. पुढच्या जूनमध्ये इटली युद्धात उतरले आणि मायलेक एका रात्रीत शत्रूचे नागरिक ठरले. मुलगा मारिओ याला अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) नजरकैदेत ठेवण्यात आले. आईला अड्यारच्या आवाराबाहेर जाण्यास मनाई झाली. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, तिच्या सत्तराव्या वाढदिवशी, सरकारने मुलाला सोडले. युद्धामुळे त्या १९४६ पर्यंत येथेच राहिल्या आणि तोवर हजाराहून अधिक शिक्षक त्यांच्या हाताखालून गेले. युद्ध नसते, तर तो एक वर्ग आटोपून त्या परत गेल्या असत्या.

पण हे सारे शहरातले. खेड्यातल्या, वस्तीतल्या मुलाचे काय? १९३७ मध्ये वर्ध्याला ठरलेल्या बुनियादी शिक्षण योजनेच्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन होते. ती योजना सात वर्षांपासून पुढच्या मुलांची होती. त्याआधीची वर्षे १९४५ मध्ये सेवाग्रामच्या परिषदेनंतर ‘पूर्व बुनियादी’ या नावाने विचारात आली. त्याच वर्षी डिसेंबरात ताराबाई दादर सोडून ठाणे जिल्ह्याच्या (आता पालघर) टोकाला, समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. वय त्रेपन्न. सोबत होत्या अनुताई वाघ.

अनुताईंबद्दल मला थोडे थांबून लिहावेसे वाटते. जन्म १९१०, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांच्या आत वैधव्य. अशा मुलीच्या वाट्याला त्या काळी काय येई, ते आपण जाणतो. पण ती शिकली. प्राथमिक शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केला, नाशिक जिल्ह्यात शिकविले, मग पुण्याच्या हुजूरपागेत अनेक वर्षे नोकरी केली. म्हणजे १९४५ मध्ये त्या नवख्या नव्हत्या, चांगल्या अनुभवी शिक्षिका होत्या. तरीही बोरिवलीला कस्तुरबा स्मारक निधीचे ग्रामसेविकांचे शिबिर भरले, तेव्हा त्या शिकायला जाऊन बसल्या. तेथेच ताराबाई भेटल्या. पस्तिसाव्या वर्षी या बाईने पुन्हा पहिल्यापासून धडे घेतले. ‘एकदा डिग्री घेतली, आता काय शिकायचे?’ असे मनात येते तेव्हा मला त्यांची आठवण होते.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली मुले येईनात. आईबाप मजुरीला जात, थोरल्या बहिणीच्या कडेवर धाकटे असे, अंगावर धड कपडा नसे. ताराबाई-अनुताईंनी वाट पाहिली नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात जाईल, असे ठरवून त्या वस्तीत गेल्या. अंगण झाडले, मुलांना अंघोळी घातल्या, नखे कापली, केस विंचरले, आणि तेथेच गाणी-गोष्टी सुरू केल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तेथे जन्मला. आज देशभर सरकारी कागदांवर छापला जाणारा तो शब्द आपल्या कोकणपट्टीतल्या एका अंगणातून निघालेला आहे.

साधनांचेही तसेच. शहरातली लाकडी साधने महाग; मोडली तर सुतार कोठून आणायचा? मग शिंपले, गारगोट्या, चिंचोके, बिया, पाने, काड्या कामी आल्या. लहान-मोठा, जड-हलका, खरखरीत-गुळगुळीत हा भेद शिंपल्यानेही शिकता येतो. पण ते करायला बाईला मूळ तत्त्व कळलेले असावे लागते. पेटीतली साधने पेटीप्रमाणे मांडायला जेवढे ज्ञान लागते, त्यापेक्षा चिंचोक्यातून साधन घडवायला कितीतरी अधिक लागते. खेड्यात काय, कमी शिकलेली बाई चालेल, असे म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असलेली ‘विकासवाडी’ उभी राहिली. मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून त्यांच्यामागे कुरणात जाणारी ‘कुरणशाळा’ निघाली. बालसेविकांचे प्रशिक्षण या सर्वांच्या मध्येच चाले. शिकाऊ बाईंना पुस्तकापेक्षा मूल अधिक भेटे. घरी वारली बोली ऐकत वाढलेल्या मुलासमोर एखादी बाई छापील मराठीत बोलू लागली, तर ती त्याला परदेशीच वाटणार. आपल्या वाड्या-मोहल्ल्यांतून हाच प्रश्न नाही का? मूल घरी दख्खनी किंवा कोकणी बोलते, बालवाडीत त्याला एकदम वेगळी भाषा ऐकू येते, ते गप्प बसते आणि आपण म्हणतो, पोर मंद आहे. ते मंद नसते. त्याच्या भाषेत त्याला कोणी हाकच मारलेली नसते.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या वारल्या. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन लिहिले, १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ पर्यंत त्या होत्या. मधल्या काळात, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि पुढे अंगणवाडी गावोगाव पोहोचली. शब्द पोहोचला, आहार पोहोचला, लसीची नोंद पोहोचली. शिकविण्याची तयारी मात्र बऱ्याच ठिकाणी मागे राहिली. एकाच सेविकेवर वजन, पोषण, सर्वेक्षण आणि वर्ग एवढे सगळे टाकल्यावर दुसरे काय होणार? २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून पुढे लागू झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मात्र तीन ते आठ ही वर्षे एक पायाभूत टप्पा मानली, आणि बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांसाठी सहा महिन्यांचा, त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचविला. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांसाठी बारावीनंतरची पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे. पालकांनी एवढे पाहावे, की संस्थेला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता आहे की नाही. ‘मॉन्टेसरी’ हे नाव कोणाच्या मालकीचे नाही. कोणीही पाटी लावू शकतो. फी विचारण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: शिकाऊ मुलगी वर्षातले किती दिवस खऱ्या बालवाडीत, खऱ्या मुलांत असेल?

पगाराचे काय, हे मला त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी विचारलेच. खोटे बोलण्यात अर्थ नव्हता. अंगणवाडी सेविकेला मिळते त्याला पगार नव्हे, मानधन म्हणतात, आणि ते तुटपुंजे असते. त्यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. खाजगी बालवाड्यांत तर कित्येकदा त्याहून कमी देतात. आपल्या संस्थाही याला अपवाद नाहीत. दहावीच्या निकालाचा फलक आपण दारावर लावतो, आणि बालवाडीच्या बाईंचे पैसे वाढविण्याचा विषय बैठकीत शेवटी, चहा आल्यावर निघतो. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले, हा त्यांचा त्याग झाला. पण दुसऱ्याच्या मुलीकडून आपण तसाच त्याग मागावा, हे मला पटत नाही. हे मी त्यांना सांगितले आणि आपल्या कार्यकारी मंडळानेही वाचावे म्हणून येथे लिहीत आहे.

“आणि अम्मीचं काय, सर?” त्यांनी पुन्हा विचारले. मी म्हटले, “चाचा, अम्मीनं सात मुलं वाढवली ती एकेक करून, वीस वर्षांत. हिच्यासमोर एकाच सकाळी तीस असतील, सगळी चार वर्षांची, आणि एकही तिच्या पोटचं नाही.” ते हसले. मग मी एक सुचविले, की मुलीने अर्ज भरण्याआधी आठ दिवस आपल्या बालवाडीत बाईंच्या बाजूला नुसते बसावे. ती बसली. तिसऱ्या दिवशी दमून घरी गेली आणि म्हणाली, नको. पाचव्या दिवशी मात्र जुन्या कार्डबोर्डाचे तुकडे आणि चिंचोके घेऊन आली.

वडिलांनी अर्जावर सही केली, उर्दूत. वसतिगृहाची खोली किती मुलींची आहे आणि जेवणाचे महिन्याला किती पडतील, तेवढे विचारून घ्यायला त्यांनी मला सांगितले आहे.